वाघाचे हजार, गप्प बसण्याचे दहा हजार: साकीची एक विनोदी कथा सावकाश कशी वाचावी

इंग्रजी विनोदी कथा वाचताना आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांचं असं होतं की गोष्ट कळते, शेवटची कलाटणीही कळते, पण मधल्या ओळींत जिथे इंग्रज वाचक खुदकन हसतो तिथून आपण सरळ पुढे निघून जातो. इंग्रजी चांगलं असलेल्यांचंही हेच होतं. कोण कोणाच्या घरात कोणत्या नात्याने राहतं, कोणाला कशाचे पैसे मिळतात, कोणाचा शब्द कोणाच्या कानापर्यंत पोचतो, हे तिथल्या वाचकाला न सांगता ठाऊक असतं. लेखक ते सांगत बसत नाही आणि विनोद नेमका त्याच न सांगितलेल्या गोष्टीवर उभा असतो.

हे वाचायची एक रीत आहे आणि ती शिकता येते. त्यासाठी मी साकी या इंग्रज लेखकाची 'मिसेस पॅकलटाइड्स टायगर' ही कथा निवडली आहे. ती १९११ च्या 'द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस' या संग्रहात आहे. ती निवडण्याचं एक कारण म्हणजे तिचा अर्धा भाग भारतातल्या एका जंगलात घडतो. दुसरं आणि खरं कारण म्हणजे वर्गभेदाचा इतका काटेकोर हिशेब इतक्या कमी जागेत मांडलेली दुसरी विनोदी कथा मला माहीत नाही.

कथा मिळवा आणि आधी ती वाचा

कथा छापील चार-पाच पानांची आहे. साकी म्हणजे हेक्टर ह्यू मन्रो. तो १९१६ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ही कथा कुठेही विनामूल्य वाचता येते. पुढे मी शेवटासकट सगळं उलगडणार आहे, म्हणून इथे थांबून कथा वाचून या.

पहिलं वाचन शब्दकोश बाजूला ठेवून, एका बैठकीत करा. हातात पेन्सिल असू द्या. हसू आलं तिथे एक खूण करा. वाक्य व्याकरणाने कळलं, पण ते तिथे का आहे ते कळलं नाही, अशा ठिकाणी वेगळी खूण करा. ही दुसरी खूण जपून ठेवा. बहुतेक वेळा तिथेच एक विनोद आपल्या हातून निसटलेला असतो.

गोष्ट थोडक्यात अशी. लंडनच्या श्रीमंत मिसेस पॅकलटाइड यांना भारतात येऊन वाघ मारायचा आहे, कारण त्यांची प्रतिस्पर्धी लूना बिम्बर्टन नुकतीच एका वैमानिकाबरोबर विमानातून अकरा मैल जाऊन आली आहे आणि दुसरं काही बोलतच नाही. एका गावाला हजार रुपये कबूल होतात. मचाण बांधलं जातं, बकरा बांधला जातो, म्हातारा वाघ येतो. बाईंची गोळी लागते बकऱ्याला, आणि वाघ बंदुकीच्या आवाजाने हृदय बंद पडून मरतो. गावकरी गप्प राहतात, फोटो छापून येतात, लूना जळफळते. मग बाईंची पगारी सोबतीण लुईसा मेबिन हळूच सुचवते की खरा प्रकार कळला तर लोकांची केवढी करमणूक होईल; आणि हो, डॉर्किंगजवळ एक छोटं घर पाहिलंय, सहाशे ऐंशी पौंडांना. पुढच्या परिच्छेदात ते घर तिचं झालेलं असतं.

लागेल एवढीच पार्श्वभूमी गोळा करा

टिपांच्या जंगलात शिरू नका. या कथेला चार-पाच गोष्टी पुरतात.

राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं आणि ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली १९०९ साली. म्हणजे या काळात विमानात नुसतं बसून अकरा मैल जाणं ही वर्तमानपत्रात झळकण्याजोगी गोष्ट होती. त्याला उत्तर द्यायचं तर वाघच हवा होता. १९११ च्या डिसेंबरातच राजा पंचम जॉर्ज दिल्ली दरबारानंतर नेपाळच्या तराईत शिकारीला गेला आणि त्याच्या लवाजम्याने दहा दिवसांत ३९ वाघ मारले. वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो हे त्या काळी सत्तेचं आणि प्रतिष्ठेचं ओळखपत्र होतं. असल्या शिकारीची तयारी गावं करायची, रान उठवायला माणसं असायची आणि साहेब शेवटी चाप ओढायचा, हेही तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

कर्झन स्ट्रीट हा लंडनच्या मेफेअर या अतिश्रीमंत वस्तीतला रस्ता. त्याला व्हाइसरॉय कर्झनचं नाव दिलं असं समजू नका, तो अठराव्या शतकापासून आहे. बाईंचं शहरात तिथे घर आहे आणि गावाकडे 'मॅनर हाऊस' आहे. दोन घरांचं हे जगणं जमीनदार वर्गाची खूण होती. कथेत 'काउंटी'ने वाघाचं कातडं पाहून वाहवा केली असं येतं, तिथे काउंटी म्हणजे त्या परगण्यातली मोजकी खानदानी घरं. बाकीची माणसं त्या शब्दात येतच नाहीत.

आणि एक आकडा: त्या काळात पंधरा रुपयांना एक पौंड असा सरकारी दर होता. हा आकडा वहीत वर लिहून ठेवा.

कोण कोणावर अवलंबून आहे ते मांडा

वर्ग म्हटलं की वरचा, मधला, खालचा अशी उतरंड काढायची आपल्याला सवय असते. इथे ती फारशी कामाची नाही. त्याऐवजी प्रत्येक माणसासमोर लिहा की त्याला दुसऱ्याकडून काय हवं आहे.

मिसेस पॅकलटाइड यांना लूनाचा चडफडाट हवा आहे. जग भूक आणि प्रेम यांवर चालतं म्हणतात, पण या बाई लूनाच्या तिटकाऱ्यावर चालतात, असं निवेदक सुरुवातीलाच सांगतो. श्रीमंतीचं हे फार अचूक निदान आहे. भूक भागलेली आहे, प्रेमाची निकड नाही, तेव्हा आयुष्य व्यापायला शत्रुत्वच उरतं. लूनाच्या मानार्थ जेवण, पण मांडणी अशी की खोलीभर वाघाचं कातडं. वाढदिवसाला वाघनखाचा ब्रोच. मराठी वाचकाला वाघनख म्हटल्यावर प्रतापगड आठवणारच, आणि इथे ते आठवणं अगदी योग्य आहे, कारण या भेटीतही आलिंगनाच्या आड हल्लाच आहे.

आता लुईसा मेबिन. ती 'पगारी सोबतीण' आहे. हे नातं नीट समजून घेतल्याशिवाय कथा अर्धीच हाती लागते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बऱ्या घरातल्या, शिकलेल्या, पण पैसा आणि नवरा नसलेल्या बाईला प्रतिष्ठेने पोट भरायचे मार्ग मोजके होते: मुलांची शिक्षिका होऊन दुसऱ्याच्या घरी राहायचं, किंवा एखाद्या धनवान बाईची सोबतीण व्हायचं. सोबतीण मोलकरीण नसते. ती मालकिणीच्या टेबलावर जेवते, तिच्याबरोबर प्रवास करते, पत्ते खेळते, बरोबरीने बोलते. पण 'आज मला यायचं नाही' असं ती म्हणू शकत नाही. मैत्रीचं सगळं बाह्यरूप आणि आत पगार, अशी ही विचित्र जागा आहे. म्हणून मेबिन सल्ला देऊ शकते, टोमणाही मारू शकते, आणि तरीही रात्री मचाणावर बसावंच लागतं.

तिसरे गावकरी. त्यांच्यापैकी कोणालाही नाव नाही. मुखिया शेजारच्या झाडावर दडून बसला आहे, एवढंच त्याच्याबद्दल कळतं.

हिशेबाची वही उघडा

ही पायरी सर्वात महत्त्वाची. दुसऱ्या वाचनात फक्त पैसे शोधा. जिथे किंमत, मोबदला, काटकसर, खर्च यांचा उल्लेख येईल ती प्रत्येक ओळ वहीत उतरवा. एवढ्या लहान कथेत असे उल्लेख किती दाट आहेत ते पाहून आश्चर्य वाटेल.

पहिली नोंद: वाघ मारण्याची संधी, फार धोका आणि फार कष्ट नकोत, हजार रुपये. म्हणजे साधारण सदुसष्ट पौंड.

दुसरी: गावकरी वाघ पळू नये म्हणून स्वस्तातल्या शेळ्या इकडे तिकडे 'मुद्दाम निष्काळजीपणे' सोडतात. स्वस्तातल्या, हा तपशील सोडू नका. गुंतवणूक कमीत कमी हवी, हे गावालाही कळतं.

तिसरी, आणि इथे पेन्सिल जोरात फिरवा: मचाणावर मेबिन विचारते की आपल्याला काही धोका आहे का. निवेदक लगेच सांगतो की ती वाघाला घाबरलेली नव्हती, ठरल्या पगारापेक्षा कणभरही जास्त काम आपल्याकडून होईल याची तिला भयंकर धास्ती होती. पहिल्या वाचनात हे वाक्य स्वभावाची गंमत म्हणून निघून जातं. खरं तर कथेचा शेवट याच वाक्यात ठेवलेला आहे.

चौथी: वाघ म्हातारा असेल तर स्वस्त मिळायला हवा, असं मेबिन म्हणते. मॉस्कोच्या हॉटेलात तिने मालकिणीचे किती रुबल बक्षिसीत जाण्यापासून वाचवले, हेही कळतं. मन्रो काही वर्षं 'मॉर्निंग पोस्ट'चा बातमीदार म्हणून रशियात राहिला होता, त्यामुळे हा तपशील त्याच्या पाहण्यातला असावा असं वाटतं. पुढे वाघ दिसताच ती मोठ्याने हिंदुस्थानीत म्हणते की तो आजारी दिसतोय. हे वाक्य झाडावरच्या मुखियासाठी आहे. जीवघेणं जनावर समोर आहे आणि ही बाई भाव पाडते आहे.

पाचवी: वाघाने बकऱ्याला तोंड लावलं नाही तर बकऱ्याचे पैसे द्यावे लागणार नाहीत, असं ती घाईने सांगते. आणि कंसात निवेदकाची टीप येते की बकऱ्याचे पैसे वेगळे होते. पुढच्याच क्षणी बाई बकऱ्याला स्वतःच मारतात. मग त्याचे पैसे कोणी दिले? कथा सांगत नाही. गटात वाचत असाल तर हा प्रश्न जरूर टाका, त्यावर छान वाद होतो.

सहावी नोंद एका छोट्या वाक्याची. गोळी चुकल्याचं उघड होतं. गावकऱ्यांना हजार रुपये हवे आहेत, म्हणून ते खोट्याला आनंदाने साथ देतात. आणि मग: मेबिन तर पगारी सोबतीणच होती. एवढंच. हे वाक्य निवेदकाचं असलं तरी विचार मिसेस पॅकलटाइड यांचा आहे. पगार देते म्हणजे मौनही माझंच, असं त्या धरून चालतात. आता तिसऱ्या नोंदीकडे परत जा. पगारापेक्षा कणभरही जास्त काम करायचं नाही, अशी या बाईची धास्ती. मौन हे पगारात धरलेलं काम नव्हतं. म्हणजे त्याचं बिल वेगळं येणार, बकऱ्यासारखंच.

सातवी नोंद: ६८० पौंड, घर आणि जमीन दोन्ही कायमच्या मालकीची. पंधराने गुणा. दहा हजार दोनशे रुपये. वाघापेक्षा दहापट.

आठवी आणि शेवटची: बाई आता मोठ्या शिकारीला जात नाहीत. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणतात, वरखर्च फार येतो. हे शेवटचं वाक्य ऐकून आपण हसतो, पण वही समोर असेल तर हसू जास्त खोल जातं. बकऱ्याच्या कंसातून निघालेला धागा इथे येऊन पुरा होतो. संपूर्ण कथा एका वरखर्चाची आहे.

मेबिनला ब्लॅकमेलर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. वही मांडल्यावर मला तरी तसं म्हणवत नाही. बाईंनी मैत्री पगारावर घेतली होती. मेबिनने ती अट शब्दशः पाळली. दुसऱ्यांच्या घरांत, दुसऱ्यांच्या तारखांप्रमाणे जगलेल्या बाईने जे मागितलं ते दागिने नाहीत, प्रवास नाही. जिथून तिला कोणी उठवू शकणार नाही अशी जागा तिने मागितली.

निवेदकाचा स्वर ऐका

आता तिसरं वाचन, शक्यतो मोठ्याने. साकी कधीही आवाज चढवत नाही. तो खालच्या गोष्टीसाठी वरच्या वर्गाची भाषा वापरतो. वाघाची 'पूर्वपीठिका प्रतिष्ठित' आहे. स्थळ बघताना किंवा नोकर ठेवताना जशी चौकशी करतात तशी ही भाषा. वाघ म्हातारपणामुळे रानातली शिकार सोडून लहान पाळीव जनावरांवर आला आहे, हे तो असं सांगतो की जणू एखादा वृद्ध सरदार प्रकृतीच्या कारणाने सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाला आहे. हा वाघ ज्या समाजासाठी मारला जाणार आहे, त्याच समाजाचा एक थकलेला सभासद वाटू लागतो.

दुसरी युक्ती कर्त्याला गायब करण्याची. मुलं रानाच्या कडेला रात्रंदिवस 'ठेवण्यात आली'. मचाण 'बांधण्यात आलं'. काम झालेलं दिसतं, हात दिसत नाहीत. मिसेस पॅकलटाइड यांचं जग असंच चालतं आणि वाक्यरचना ते जग न बोलता दाखवते.

'लूना बिम्बर्टनचा बसेल विश्वास' हे मेबिनचं उत्तर वाचताना घाई करू नका. आधी बाई म्हणतात, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यावर एक श्वास थांबा आणि मग नाव घ्या. पूर्ण व्यवहार त्या नावात होतो. धमकी नाही, चढा आवाज नाही, आणि लगेच विषय बदलून डॉर्किंगचं घर. मेबिन इतकी वर्षं उच्चवर्गीय संभाषणात बसली आहे, तिथली शिष्ट रीत तिने उचलली आहे आणि ती मालकिणीवरच चालवली आहे.

दुसऱ्या प्रकारच्या खुणांकडे परत या

आता पहिल्या वाचनातल्या न कळलेल्या जागा पाहा. डायना ही रोमन पुराणातली शिकारीची देवी, त्या वेषात बाई नाचाला जातात. बाईंच्या ओळखीतला खोडकर क्लोव्हिस ज्या रशियन नर्तक मुलाचं नाव न घेता उल्लेख करतो तो निजिन्स्की असणार, कारण त्याच १९११ साली त्याची मंडळी लंडन गाजवत होती. मेबिन घराला 'ले फोव्ह' असं फ्रेंच नाव देते. अर्थ हिंस्र पशू, आणि १९०५ पासून पॅरिसमधल्या भडक रंगांच्या चित्रकारांचंही तेच नाव. म्हणजे पाहुण्यांना वाटेल बाई आधुनिक कलेची जाणकार, आणि एका माणसाला मात्र त्याचा खरा अर्थ कळेल. बागेत टायगर लिली फुलतात, तीही तशीच आठवण. बाकी संदर्भ सुटले तरी बिघडत नाही, हा मात्र सोडू नका.

शेवटच्या ओळींत आणखी एक लहान गोष्ट आहे. लुईसाला हे कसं जमतं, असं तिच्या मैत्रिणी नवलाने म्हणतात. तोपर्यंत तिला मैत्रिणी आहेत हेच आपल्याला माहीत नव्हतं. घर मिळाल्यावर कथेत तिला माणसं मिळतात.

गावाचा प्रश्न टाळू नका

भारतीय वाचकाने ही पायरी केलीच पाहिजे. गाव वाघाची राखण करतं, शेतातून परतणाऱ्या आया म्हाताऱ्या वाघाची झोपमोड होऊ नये म्हणून अंगाई थांबवतात. दृश्य विलक्षण मजेदार आहे आणि साकी गावकऱ्यांना भोळे दाखवत नाही. ते व्यवहार जाणतात, मेमसाहेबांना हवं ते नाटक उत्तम वठवतात. तरीही मन्रोला समाजसुधारक करू नका. तो ब्रह्मदेशात जन्मला, वडील तिथल्या पोलीस दलात मोठे अधिकारी होते, स्वतःही त्याने तरुणपणी तिथे पोलिसांत काही काळ काढला, आणि मतांनी तो पक्का सनातनी होता. तो आपल्या वर्गाला आतून ओरबाडतो, साम्राज्याला प्रश्न विचारत नाही.

पण त्याच्या कथेचा हिशेब एक प्रश्न विचारतोच. खरा प्रकार मेबिनने पाहिला आणि अख्ख्या गावानेही पाहिला. दोघेही गप्प बसले. गावाला वाघ, राखण, मुलांची जागरणं आणि मौन, सगळं मिळून हजार रुपये. मेबिनला एकट्या मौनाचे दहा हजार. माहिती तीच, मग भावात एवढा फरक का? गावाचा शब्द कर्झन स्ट्रीटपर्यंत पोचू शकत नाही. पोचला तरी तिथे तो ऐकायला कान नाहीत. मेबिन मात्र लूनाच्या टेबलाशी बसू शकते. या कथेत वर्ग ठरतो तो तुमच्या साक्षीला कोण किंमत देईल यावर, आणि साकीने हे एकही जड वाक्य न लिहिता पौंडांत आणि रुपयांत मांडून ठेवलं आहे. गावाची बाजू घेऊन कथा नाकारणं आणि 'विनोद तर आहे' म्हणून गाव विसरणं, दोन्हींपेक्षा हा फरक वहीत लिहून ठेवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

हीच रीत दुसऱ्या कथेवर वापरून पाहा

साकीचीच 'द शार्ट्झ-मेटरक्ल्यूम मेथड' घ्या, १९१४ च्या 'बीस्ट्स अँड सुपर-बीस्ट्स' मधली. लेडी कार्लोटाची गाडी स्टेशनवर चुकते आणि मिसेस क्वाबार्ल तिला आपली नवी शिक्षिका समजून घरी नेतात. ती चूक सुधारत नाही. जेवताना यजमानांच्या मद्याबद्दल जाणकारीने मत देते, आणि इतिहास शिकवायला मुलांकडून रोमन दंतकथेतल्या सबाइन स्त्रियांच्या अपहरणाचं नाटक करवून घेते. मिसेस क्वाबार्ल कोणी विरोध करेपर्यंतच दरारा गाजवणाऱ्यांतल्या आहेत.

इथे पैशाची वही फार उपयोगी पडणार नाही, म्हणून स्तंभ बदला. प्रत्येक संवादाशेजारी एकच प्रश्न लिहा: ही बाई या खोलीतून आत्ता उठून जाऊ शकते का? नंतर तोच प्रश्न घेऊन मचाणावरच्या मेबिनचे संवाद पुन्हा वाचा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा.